लाल फडकं

आमच्या घरी सण आला की आधी माळा झाडायचे. बाकीच्यांकडं सणाला अंगण सारवतात, दारं धुतात. आमच्याकडं ते मागून. आधी आय शिडी लावून वर चढायची, जुनी जाळी एका कडेला ओढायची, गोधडी अंथरायची, पाण्याचा तांब्या ठेवायची आणि एक भाकर आणि भाजलेला सुका बोंबील वेगवेगळ्या फडक्यांत बांधून ठेवायची. मग बाबा हिराला वर न्यायचे आणि शिडी काढून घ्यायचे. हिरा माझी पाठची बहीण. ती रडायची नाही, ओरडायची नाही. खाली बाजा सुरू झाला की ती माळ्यावरच्या लाकडी खांबाला कपाळ आपटायची. टक, टक, टक. जोरात नाही. सारख्या अंतरानं, वल्हं मारावं तसं. बाजा चालू असेपर्यंत ते ऐकू येत नसे. वाजवणारे दम खायला थांबले की वरून यायचं, आणि अंगणात नाचणाऱ्या बायका एकदम कुठं बघावं ते न कळून आपापल्या पदराकडं बघायच्या.

तो आवाज मला अजून येतो. घरात कोणी नसतं, पंखा बंद असतो, आणि वरून येतो. माळा केव्हाच पाडला. तिथं आता स्लॅब आहे.

आमचं घर सातपाटीला, बंदराच्या अंगाला. बाबांची होडी, आय मासे घेऊन पालघरच्या बाजारात बसायची, आणि घरामागं बोंबील वाळत घालायच्या वलांड्या, म्हणजे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या. बोंबलाची जोडी एकमेकाच्या जबड्यात अडकवून दोरीवर टाकतात. हे काम हिराचं. सकाळी ती वलांडीपाशी जायची ती ऊन डोक्यावर येईपर्यंत. दुसऱ्या कोणी टाकलेली जोडी वाकडी वाटली की काढून पुन्हा टाकायची. घशातल्या घशात एक सूर लावायची, होडीच्या मशीनसारखा. मशीनचा आवाज तिला चालायचा, लाटांचा चालायचा, वारा चालायचा. जो आवाज सारखा चालतो तो तिला सोसायचा. जो एकदम येतो तो नाही. ताट पडलं, कोणी हाक मारली, फटाका वाजला, की ती जागच्या जागी आखडायची, आणि मग जिकडं वाट दिसेल तिकडं धावायची. बोलायची फार थोडं, आणि तेही समोरच्यानं आधी बोललेलंच. आय म्हणायची, “हिरा, जेवलीस?” हिरा म्हणायची, “हिरा जेवलीस.” कालवणाचा थेंब भाकरीला लागला तर सगळं ताट तसंच राहायचं. कोणी गालाला हात लावला तर तो गाल दिवसभर पुसत बसायची.

लहान असताना तिला माळ्यावर ठेवत नसत. एका नारळी पौर्णिमेला सगळं गाव बाजा लावून नारळ घेऊन बंदरावर निघालं, आणि ती आयच्या हातातून सुटली ती थेट खाडीच्या चिखलात. भरती चढत होती. बाबांनी तिला छातीएवढ्या चिखलातून ओढून काढली, तेव्हा ती त्यांच्या दंडाला चावली. त्या दिवसापासून माळा. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांना ती जिवंत पाहिजे होती, एवढंच. लोक काय काय म्हणायचे. कोणी म्हणायचं बाहेरचं आहे. डोंगराकडून भगत आणला, त्यानं कोंबडं घेतलं आणि गेला. कोणी म्हणायचं, पोरीला वेड आहे, जव्हारकडं कुठं तरी सोडून या. आयनं त्या माणसाला पुढं कधी मासळी विकली नाही.

माझी नात पालघरला शिकवते. ती म्हणाली, आजोबा, याला आता ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. मी म्हटलं, ज्यानं हा शब्द काढला त्यानं हिरा बघितलेली नाही. हिरा स्वतःत मग्न नव्हती. आम्ही सगळे तिच्यात नको तितके घुसत होतो, शिंका, हाका, भांडी, बाजे घेऊन, आणि तिला दार लावता येत नव्हतं.

त्या वर्षांत तारापूरकडं बिजलीघराचं काम चालू झालं होतं. वारा उत्तरेचा असला की सुरुंगाचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. आधी वलांडीवरची हिरा थांबायची, मग आम्हाला ऐकू यायचा. त्याच अंगाच्या दांडी गावची कमळी मला बघितली. साखरपुडा झाला, आणि आमच्या रीतीप्रमाणं शिमग्याला होणारी सून म्हणून तिला तिच्या आयसोबत आमच्याकडं बोलावली. आमच्या कोळ्यांत शिमगा म्हणजे सगळ्यांत मोठा सण. होळीला साडी नेसवतात, बायका फेर धरतात, तिसऱ्या गल्लीपर्यंत बाजा. माळा झाडून झाला होता.

कमळी अंगणात बायकांबरोबर फेर धरत होती. मी ओट्यावरून बघत होतो, चोरून नाही, उघड. बाजावाले दम खायला थांबले आणि वरून सुरू झालं. टक, टक, टक. कमळी थांबली. तिनं वर बघितलं.

“वर कोण हाय?” तिनं विचारलं.

बायका पदराकडं बघू लागल्या. मग आय म्हणाली, “मांजर हाय.”

“मांजर येवडं मोजून ठोकतं?” कमळी म्हणाली.

एक बाई फिसकन हसली आणि पदर तोंडात धरून गप्प झाली. कमळीनं शिडी कुठं आहे ते स्वतःच हुडकलं, भिंतीला लावली आणि नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून चढली. होणारी सून सासऱ्यासमोर शिडी चढते, हे कोणी बघितलेलं नव्हतं. तिची आय खालून ओरडली, “अगं सटवे, खाली उतर, लगीन मोडशील!” कमळी उतरली नाही. होळी पेटली, नारळ टाकले, बाजा झाला, सगळं झालं, तेव्हा उतरली. पदराला खांबाची धूळ लागलेली. वर काय केलं ते मला पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. काहीच केलं नव्हतं. हात लावला नव्हता, बोलली नव्हती. हिराच्या कपाळाच्या आणि खांबाच्या मधे आपला पदर घडी करून धरला होता, बस.

खाली येऊन ती आयला म्हणाली, “आमच्याकडं सुरुंग लावायच्या आधी शिटी मारतात, लाल बावटा दावतात. म्हशीपण शिकल्या. बावटा दिसला का चरायच्या थांबतात, मग धडाम झालं तरी हलत नाय. आदी कळलं का सोसवतं. तुमी हिला आदी कदी सांगता?”

बाबा म्हणाले, “तिला सांगून काय कळतं?”

“न सांगता कसं कळंल?”

बाबा उठून बंदराकडं गेले. मला वाटलं आता लग्न संपलं. पण खरी गोष्ट पुढंच होती. आमच्या लग्नात नवऱ्याची सख्खी बहीण करवली असते. ती करा हातात धरून नवऱ्याच्या मागं उभी राहते. करा म्हणजे पाण्यानं भरलेलं मातीचं भांडं, वर दिवा. बाबांनी केव्हाच ठरवलं होतं की चुलत बहीण करा धरेल. जाण्याआधी कमळी दारात थांबली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “सख्खी बहीण घरात असताना दुसरीचा करा मला नको. हिरा उभी रायली तर मी हळद लावून घेईन. नायतर नाय.”

तिच्या आयनं कपाळाला हात लावला. माझी आय आत गेली. चुलीपाशी जाऊन बसली आणि कितीतरी वेळ विझलेली लाकडं पुढं सारत राहिली.

लग्न मोडण्यावर आलं. घरात बाबा दोन दिवस जेवले नाहीत. म्हणायचे, हिरा उभी राहायची तर बाजा नाही, आणि बाजा नाही म्हणजे लोक काय समजतील, लग्न आहे का मढं नेतायत. शेवटी भागीबाय आली. भागीबाय आमची धवलारीण, लग्न लावणारी म्हातारी, तिच्या धवल्याशिवाय म्हणजे लग्नगाण्याशिवाय आमच्यात हळद लागत नसे. दात नव्हते, पण बोलली की भिंतीला ऐकू जायचं. बाबांनी तिला सगळं सांगितलं आणि वाट बघत राहिले की ही आता कमळीला शिव्या देईल.

भागीबाय पान चावत होती. म्हणाली, “माज्या आजीच्या टायमाला कुटं होता तुजा बाजा? धवला तोंडानं म्हणतात. बाजा मुंबईवाल्यांनी आणला. सांग, देव बाज्यानं येतो का करवलीच्या कऱ्यानं?”

“पण हिरा करा सोडून पळाली म्हणजे?” बाबा म्हणाले.

“मग मी पळेन तिच्या मागं,” भागीबाय म्हणाली. ती काठीशिवाय ओट्यावरून उतरू शकत नव्हती. बाबा हसले. किती दिवसांनी हसले.

असं ठरलं की बाजा राहील, पण बंदरावर. मांडवात फक्त भागीबायचा धवला. हिराला हळद कोणी लावायची नाही, गालाला नाही, हाताला नाही. तिला वाटीत हळद द्यायची आणि मांडवाच्या खांबाला तिनं लावायची. आणि मोठा आवाज करायच्या आधी लाल फडकं दाखवायचं. ते फडकं कमळीनं दांडीहून पाठवलं, फाटक्या बावट्याचा तुकडाच होता तो, कडेला सुरुंगाच्या दारूचा वास. आय रोज सकाळी वलांडीपाशी जायची, हिराला दिसेल असं फडकं वर धरायची, थांबायची, मग पितळी ताटावर पळी मारायची, आणि आवाज विरला की फडकं खाली. पहिल्या दिवशी हिरा पळाली. दुसऱ्या दिवशी पळाली. मग एका सकाळी फडकं दिसल्यावर तिनं हातातला बोंबील नीट दोरीवर टाकला, दोन्ही कान धरले, भिंतीकडं तोंड केलं. ताट वाजलं. ती हलली नाही. फडकं खाली गेलं, तशी ती वळली आणि पुढचा बोंबील घेतला. आयनं पळी खाली ठेवली आणि जमिनीवरच बसली. मला वाटतं, त्या दिवसापर्यंत आयनं हिराला काही सांगितलंय आणि हिरानं ऐकलंय, असं कधी झालंच नव्हतं.

लग्नाला आम्ही होडीनं दांडीला गेलो. हिरा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी बसली, दोर धरून, घशात मशीनचा सूर लावून. लोक तिच्याकडं बघत होते, ती पाण्याकडं बघत होती. किनाऱ्यावर बाजावाले उभे होते. आयनं फडकं वर धरलं, हिरानं कान धरले, बाजा वाजला, थांबला, फडकं खाली.  एवढं सोपं होतं, आणि इतकी वर्षं माळा झाडत होतो.

मांडवात ऊन उतरलं होतं. पाटावर मी, समोर अंतरपाट, पलीकडं कमळी. माझ्या मागं हिरा, दोन्ही हातांत करा, दिवा लागलेला. तिनं तो असा धरला होता की ज्योत हलत नव्हती. भागीबाय अंतरपाटाच्या कडेला बसून धवला म्हणत होती, अगदी हळू, अंगाई म्हणावी तसं. आय आत ओटी भरायच्या तयारीला गेली होती, फडकं तिच्या कमरेला. तेवढ्यात माझा मावसा आला. सकाळपासून ताडी पिऊन किनाऱ्यावर बाजावाल्यांबरोबर बसलेला, त्यांना घेऊनच मांडवात शिरला.

“लगीन हाय का मयत?” तो ओरडला. “वाजवा रे! माज्या भाच्याचं लगीन हाय!”

आणि बाजा वाजला. आमच्या कानाजवळ, सगळा एकदम. पाठीमागं कऱ्यातलं पाणी हिंदकळलं आणि माझ्या मानेवर पडलं. मला वळून बघता येत नव्हतं. हिराचा तो आवाज ऐकू येत होता जो ती पळायच्या आधी काढायची, आतून, कुत्र्यासारखा. मला चिखल दिसला. भरती दिसली. दांडीचा किनारा आमच्यापेक्षा उघडा आहे, खडक आहेत.

नवरीचं तोंड दिसायच्या आधी मला नवरीचा हात दिसला. अंतरपाटाच्या वर तो हात आला, त्यात तिचा लाल शेला, हिसडून काढलेला, आणि तो तिनं डोक्यावर उंच धरला.

बाजा थांबला. हळूहळू नाही. मधेच, फुंकलेला श्वास आत घेऊन थांबला. का ते मला आधी कळलं नाही. मग कळलं. ते बाजावाले म्हणजे दांडीचीच पोरं, दिवसा सुरुंगाच्या कामावर जाणारी. लाल दिसलं की जागच्या जागी थांबायचं, हातातलं हातात ठेवायचं, हे त्यांच्या हाडात बसलेलं होतं. ढोलवाल्याची काठी वरच राहिली होती. मावसासुद्धा तोंड उघडं ठेवून उभा होता.

मांडवात काही हललं नाही. समुद्र ऐकू येत होता. मग माझ्या पाठीमागं सुरू झालं. टक, टक, टक. हिरा पळाली नव्हती. कऱ्याच्या मडक्यावर बोटाच्या नखानं वाजवत होती, माळ्यावरच्याच अंतरानं. आमच्या घरच्या सगळ्या माणसांनी ते ओळखलं. आय आतून धावत आली ती दारातच थांबली. बाबांनी मान खाली घातली.

भागीबायनं डोळे मिटले. थोडं ऐकलं. मग त्या ठोक्यावर धवला धरला. एक टक, एक ओळ. हिराचं बोट पुढं, म्हातारीचा गळा मागं. बायका हळूहळू त्यात मिळाल्या, पण कोणी टाळी दिली नाही, कोणी आवाज चढवला नाही. त्या ठोक्यावर अंतरपाट खाली गेला आणि मी कमळीला बघितलं. शेला अजून हातात, केस सुटलेले. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं बघत होती, ज्योत विझली का ते.

विझली नव्हती.

लोक पुढं पुष्कळ बोलले. मुक्याचं लगीन, मढ्याचं लगीन. मावसा बरीच वर्षं घरी आला नाही, आणि मला त्याची आठवणही झाली नाही. बाबा त्या दिवसाबद्दल कधीच बोलले नाहीत. पण पुढच्या नारळी पौर्णिमेला माळा झाडला नाही. सकाळी उठून बघतो तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी वल्हं रोवलेलं आणि त्याला लाल कापड. बाबा ओट्यावर जाळं विणत बसले होते, जणू त्यांचा काही संबंध नाही. बाजा तिथपर्यंत आला, बाजावाल्यांनी एकमेकाकडं बघितलं, थांबले, आणि नारळ आमच्या गल्लीतून मुक्यानं गेला. हिरा वलांडीपाशी उभी राहून बघत होती. नारळ सोन्याच्या कागदात गुंडाळलेला. माळ्यावर जायला लागल्यापासून तिनं तो बघितलाच नव्हता. आजही गावात मिरवणुकीत ते स्पीकरचे मोठे डब्बे लावतात, छाती हलते, पण आमच्या गल्लीच्या तोंडाला वल्हं दिसलं की बंद करतात. आताच्या पोरांना का ते माहीत नसेल. बंद करतात.

पण खोटं कशाला लिहू. सगळं बरं झालं असं नाही. हिराच्या कपाळावरची गाठ गेली नाही. आणि कधी कधी सण नसताना, घर शांत असताना, ती आपणच माळ्यावर चढायची आणि ठोकायची. कमळी खालून ऐकत बसायची. मी विचारायचो, आता का? कमळी म्हणायची, “तिला ठाऊक.” तिनं हिराला कधी ओढून खाली आणलं नाही. फक्त खांबाला गोधडी बांधली. तरी मला ऐकू यायचं.

ते फडकं कमळीनं दारामागच्या खुंटीला ठेवलं. विटलं की नवीन, पण लालच, आणि त्याच खुंटीला. मिक्सर लावायच्या आधी, कुकरच्या शिट्टीच्या आधी, पोरांच्या लग्नात, नातवाच्या बारशाला. आवाजाच्या आधी वर, आवाज संपला की खाली. हा तिचा नियम होता आणि तो तिनं कधी मोडला नाही. हिरा तिला ‘कमळी’ म्हणायची. आम्हा कोणाला तिनं नावानं हाक मारली नाही.

यंदा पाऊस सरल्यावर कमळी गेली. सकाळी मी ओट्यावर चहा घेऊन बसलो होतो. आजारी नव्हती, काही नव्हतं. कमळी अजून उठली कशी नाही, एवढंच मनात आलं होतं. आतून हिरा आली. पाठ वाकलेली, केस पांढरे, पाय ओढत. माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं खुंटीवरचं फडकं वर धरलं, दोन्ही हातांनी, माझ्या तोंडासमोर.

मी म्हटलं, “कसला आवाज गं आता?”

तिनं फडकं तसंच धरून ठेवलं. मला कान धरायचं सुचलं नाही. मग आतून सुनेची किंकाळी आली.

कमळीला नेली ती आमच्या गल्लीतून मुक्यानंच नेली. बायकांनी पदर तोंडात धरले, कोणी गळा काढला नाही, हिरासाठी. आता किती दिवस झाले. सून म्हणते, आत्याबाईंच्या हातातून ते फडकं घ्या, त्यांचे हात दुखतात, जेवतानासुद्धा सोडत नाहीत. मी घेत नाही. नियम कमळीचा आहे. आवाज संपला की खाली करायचं. हिरानं अजून खाली केलेलं नाही.